फुफाटा कुठे जातो ते आधी बघा

रॅली म्हणजे सर्किटवरची शर्यत नव्हे. इथे प्रेक्षकांसाठी गॅलरी नसते आणि जाळीचं कुंपणही नसतं. गाड्या एकमेकींना खेटून पळत नाहीत. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने एकेक सुटते आणि घड्याळाशी लढते. रस्ता आपल्या शिवारातलाच असतो, काल ज्यावरून कांद्याचा ट्रॅक्टर गेला तोच. त्यामुळे बघणाऱ्याला खरं काम एकच असतं, उभं राहायची जागा निवडायची. ती नीट निवडली तर दिवस सार्थकी लागतो. चुकली तर दिवसभर धुरळा खाल्ला एवढ्यावर निभावतं किंवा जिवावर बेततं. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका निवडीपायी.

नाशिकला रॅली नवी नाही. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ या नावाने राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या फेऱ्या इथे झाल्या आहेत. जिल्ह्याची जमीनही या खेळाला साजेशी आहे. पश्चिमेला त्र्यंबकेश्वर, हरसूल, पेठेकडे लाल माती, मुरूम, चढउतार आणि आंधळी वळणं. पूर्वेला सिन्नर-निफाडकडे काळी माती आणि शेतांमधून जाणारे लांब सरळ रस्ते. दोन्हीकडे बघण्याची तऱ्हा वेगळी. मुरमावर गाडी घसरते ती डौलात, चालकाच्या हिशेबात. काळ्या मातीवर पाण्याचा नुसता शिडकावा झाला तरी टायरच्या खाचा चिखलाने भरतात आणि पकड जवळपास संपते. तुमच्या बुटाचंही तेच होतं. पाऊस झाला असेल तर काळ्या रानातून अर्धा किलोमीटर चालून बघा, एकेक बूट किलोभर जड होतो.

तयारी आदल्या रात्री करायची. आयोजक वेळापत्रक काढतात. त्यात दोन तऱ्हेचे टप्पे असतात. ‘स्पेशल स्टेज’ म्हणजे वाहतुकीला बंद केलेला रस्ता, जिथे वेळ मोजली जाते. ‘ट्रान्सपोर्ट’ म्हणजे एका स्टेजपासून दुसरीपर्यंतचा साधा रस्ता. तिथे रॅलीच्या गाडीलाही सिग्नल पाळावा लागतो. बघायचं ते स्पेशल स्टेजवर. वेळापत्रकात प्रत्येक स्टेजसमोर पहिल्या गाडीची सुटण्याची वेळ असते, पण ती स्टेजच्या सुरुवातीची. तुमच्या वळणाची वेळ स्वतः काढायची असते. मासला म्हणून धरा, पहिली गाडी ७:३२ ला सुटणार, तुम्ही सुरुवातीपासून ८ किलोमीटर आत आहात आणि गाडीचा सरासरी वेग ताशी ८० आहे. म्हणजे ती तुमच्यासमोर ७:३८ ला येईल. तीस गाड्या असतील तर शेवटची ८:३० ला सुटेल. मागच्या गाड्या जरा सावकाश असतात, म्हणून ८:४० पर्यंत धरा. तीच स्टेज बहुधा काही तासांनी पुन्हा घेतात. तेव्हा एका दिवसात चार ठिकाणी धावाधाव करण्यापेक्षा एकच स्टेज दोनदा बघावी. सकाळी एका वळणावर, दुपारी दुसऱ्या.

रस्ता पहिली गाडी सुटण्याच्या तास-दोन तास आधी बंद होतो. एकदा बंद झाला की आत गाडी जात नाही, चालतसुद्धा जाऊ देत नाहीत. म्हणजे ७:३२ च्या स्टेजसाठी साडेपाचच्या आत पोचलेलं बरं, आणि त्यासाठी पंचवटीतून चारच्या सुमारास निघायला हवं. पेठ-हरसूलकडे मोबाईलची रेंज भरवशाची नाही, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि कुठे भेटायचं ते तोंडी ठरवून घ्यावं. पाणी माणशी तीन लिटर. खाण्याची सोय आत नसते, डबा बांधून न्यावा. पायात चपला नको, घोटा झाकणारे बूट हवेत. नाकातोंडाला बांधायला सुती पंचा हवाच.

मोटारसायकल किंवा कार लावताना तिचं तोंड परतीच्या दिशेने ठेवावं आणि रस्त्याच्या एकाच बाजूला लावावी. दोन्ही कडांना गाड्या लागल्या की रुग्णवाहिकेची वाट बंद होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये. तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटतं आणि बांधावरून आग थेट द्राक्षबागेत शिरते. शेताच्या वाटेवर लावायची झाली तर आधी विचारावं. “मामा, इथे गाडी लावली तर चालेल का? आणि टेकडीवर जायला मागून वाट आहे का?” एवढं विचारलं की दोन्ही कामं होतात. नकाशात नसलेली पायवाट तिथल्या माणसालाच माहीत असते.

आता जागा. पोचल्यावर पहिलं काम वारा बघायचं. कमरेच्या उंचीवरून चिमूटभर माती सोडा, ती कुठे वाहते ते दिसेल. मुरमाच्या रस्त्यावर गाडीमागे जो फुफाटा उठतो तो वाऱ्याबरोबर रस्त्याच्या एका अंगाला सरकतो. तुम्ही वारा येतो त्या अंगाला उभे असाल तर पुढची गाडी स्वच्छ दिसेल. उलट्या अंगाला असाल तर पहिल्या गाडीनंतर काहीच दिसणार नाही. वाईट म्हणजे गाडी येतेय हेही कळणार नाही. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा धुरळा दोन मिनिटांत बसतच नाही, रस्त्यावर लोंबकळत राहतो. अशा वेळी आयोजक कधीकधी गाड्यांमधलं अंतर वाढवतात, कारण चालकालाही समोरचं वळण दिसेनासं होतं.

वाऱ्यानंतर वळण. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही उभं राहू नये. हे सगळे सांगतात, पण त्याचं कारण समजून घेतलं तर नियम पाठ करावा लागत नाही. आपल्याकडच्या रॅलीत पोलो, सेडिया या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या पुष्कळ धावल्या आहेत. चालक वेगात आत शिरला आणि पुढच्या चाकांची पकड सुटली, तर स्टेअरिंग कितीही वळवलं तरी गाडी नाकाच्या दिशेने सरळ जाते, म्हणजे वळणाच्या बाहेर. जिप्सीसारख्या गाडीचा मागचा भाग झोकला जातो, तोही बाहेरच्याच अंगाला. चूक कोणतीही असो, गाडी जाते बाहेर. ताशी १०० च्या वेगाला ती एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर कापते. माणसाला धोका ओळखून पाय उचलायला दीड-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी ५० मीटर आलेली असते. पळून वाचू हा हिशेब बसतच नाही, म्हणून आधीच तिथे नसणं एवढाच उपाय.

आतली बाजूही डोळे झाकून धरू नये. अवघड वळणावर चालक आतला कोपरा कापतो, चाकं मातीत शिरतात आणि पुरलेले दगड उखडून फेकले जातात. आपल्याकडचा काळा दगड धारदार असतो, लागला तर डोकं फुटतं. वळणातून बाहेर पडताना चालक पूर्ण ॲक्सिलरेटर दाबतो आणि चाकांखालची खडी मागे उडते, म्हणून गाडीच्या मागच्या रेषेतही थांबू नये. चढाच्या माथ्यापलीकडे तर नकोच. गाडी तिथे हलकी होते, कधी चाकं जमीन सोडतात, आणि ती कशी टेकेल हे चालकालाही आधी सांगता येत नाही. जिथे रॅलीचा रस्ता काटकोनात वळतो आणि जुना रस्ता सरळ पुढे जातो, तिथे तो सरळ तुकडा मोकळा दिसतो म्हणून लोक जमतात. ब्रेक चुकलेली गाडी नेमकी त्याच तुकड्यात घुसते.

मग राहतं काय? वळणाच्या आतल्या अंगाचं, रस्त्यापेक्षा निदान दोन माणसं उंच आणि कडेपासून दहा-पंधरा मीटर मागे असलेलं टेकाड. तिथून गाडी वळणात शिरताना, वळताना आणि सुटताना, तिन्ही दिसतात. लोक जवळ जायला धडपडतात, पण जवळून गाडी अर्धा सेकंद दिसते आणि उंचावरून दहा सेकंद. जागा ठरल्यावर मागे वळून बघायचं. मार्शल, म्हणजे रस्ता राखायला उभा असलेला आयोजकांचा माणूस, ओरडला तर मागे पळायला वाट आहे का? पाठीशी द्राक्षबाग असेल तर नाही. लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा छातीशी येतात. मागे बिनकठड्याची विहीर असेल तर ती जागा सोडावी. शेततळं असेल तर लेकरांना हात सोडून उभं करूच नये. त्याचं प्लास्टिक अस्तर ओलं झालं की बुळबुळीत होतं, आत घसरलेल्या मोठ्या माणसालाही दोर फेकल्याशिवाय वर येता येत नाही. मोरीच्या कठड्यावर बसू नये. गाडीचं चाक आदळतं ते पहिल्यांदा तिथेच.

मार्शलने पट्टी बांधली असेल तर तिच्यामागे राहावं. पण पट्टी म्हणजे भिंत नव्हे. पट्टीमागेही जागा वाईट वाटली तर आणखी मागे जावं. मार्शल “हला” म्हणाला की हलायचं, वाद घालायचा नाही. तो बहुतेक वेळा हौसेने आलेला, पहाटेपासून उभा असलेला माणूस असतो. लोक ऐकत नाहीत असं त्याने वायरलेसवर कळवलं तर अख्खी स्टेज रद्द होऊ शकते. १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत रस्त्याला खेटून उभ्या असलेल्या गर्दीत गाडी घुसली आणि प्रेक्षक मेले. पुढे त्या काळातल्या सर्वांत वेगवान अशा ‘ग्रुप बी’ गाड्यांवर बंदी आली, त्यामागे ही घटनाही होती.

स्पर्धेआधी अधिकाऱ्यांच्या गाड्या येतात. त्यांच्यावर तीन शून्यं, दोन शून्यं आणि एक शून्य असे आकडे असतात, आणि त्या याच क्रमाने जातात. तीन शून्यांची गाडी गर्दी, गुरं, उघडी फाटकं बघते. दोन शून्यांची साधारण अर्धा तास आधी येते. एका शून्याची पहिल्या स्पर्धकाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी, जवळपास स्पर्धेच्याच वेगात. ती गेली की रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, कडेने चालायचंही नाही. खालून शिट्टी वाजली म्हणजे गाडी आली.

डोळ्यांआधी कानाला कळतं. डोंगराआड इंजिनाचा आवाज चढतो, तुटतो, पुन्हा चढतो, एकेक गिअर मोजता येतो. मग इंजिनाखालच्या संप गार्डच्या जाड प्लेटवर दगड आदळू लागतात, पत्र्याच्या छपरावर गारा पडाव्यात तसे. गाडी वळणाच्या खूप आधीच तिरकी होते. नवख्याला वाटतं, गेली हातची. पण चालकाने मुद्दाम आधी उलट्या अंगाला झोका देऊन वजन सरकवलेलं असतं. डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने ॲक्सिलरेटर, दोन्ही एकाच वेळी. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर आतल्या बाजूचं मागचं चाक वीतभर हवेत उचललेलं दिसतं आणि क्षणभर स्थिर वाटतं. शेजारचा नेव्हिगेटर बाहेर बघतही नसतो. मान खाली, वही मांडीवर, ओठ हलताहेत. तो पुढची दोन वळणं वाचत असतो. मग फुफाटा, तापलेल्या ब्रेकचा करपट वास आणि शांतता.

ही वही समजली की प्रेक्षकाची एक मोठी चूक टळते. स्पर्धेआधी संघांना ठरावीक वेगात रस्ता पाहू देतात. तेव्हा चालक सांगतो आणि नेव्हिगेटर लिहून घेतो: वळण डावं की उजवं, किती तीव्र, पुढच्या वळणापर्यंत किती मीटर, कोपरा कापायचा की नाही. याच पेसनोट्स. आता तुम्ही बसायला सोयीचा म्हणून कडेचा एक दगड उचलून दुसरीकडे ठेवला, तर वहीत ‘काप’ लिहिलेल्या कोपऱ्यात तो दगड चालकाला तिथे गेल्यावरच भेटणार. म्हणून रस्त्यालगतचा दगड, फांदी, खुणेची पाटी, यातलं काहीही हलवू नये. धोक्याचं काही दिसलं तर मार्शलला दाखवावं.

दोन गाड्यांमध्ये दोन मिनिटं असतात म्हणून पटकन ओलांडून येऊ, हा मोह सगळ्यांना होतो. पण ती दोन मिनिटं सुरुवातीची असतात, तुमच्या वळणावरची नसतात. मधे टायर बदलायला थांबलेली गाडी केव्हाही सुटते, तिच्या मागून आलेली तिला गाठून दहा सेकंदांत मागोमाग येते. २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ स्टेजसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली. तिला रॅलीची गाडी धडकली आणि एकाच घरातली तीन माणसं गेली. शेतातून रस्त्याला मिळणारी प्रत्येक वाट, प्रत्येक पाणंद राखायला मार्शल कधीच पुरत नाहीत. आपण जिथे उभे आहोत तिथे अशी वाट येत असेल आणि कोणी गुरं किंवा मोटारसायकल घेऊन येताना दिसलं, तर पळत जाऊन थांबवणं हे त्या घडीला आपलं काम आहे.

दुपारच्या फेरीला सकाळची जागा पुन्हा तपासावी. पहिल्या काही गाड्या सैल खडी बाजूला सारतात, मधली रेषा घट्ट होते आणि खडीचा ढीग वळणाच्या बाहेर साचतो. म्हणून पुढच्यांचा वेग वाढतो, पण रेषेबाहेर हातभर चाक गेलं की तोच ढीग गाडीला ओढून नेतो. कोपरे कापून चाकोऱ्या खोल होतात, सकाळी गाडलेला दगड दुपारी टोक काढून उभा असतो. सकाळी एकही गाडी घसरली नाही अशा वळणावर दुपारी दोन उलटतात, त्या यामुळे.

गाडी उलटलीच तर पहिली गोष्ट म्हणजे धावायचं नाही. पुढची गाडी त्याच रस्त्याने येतेय. आतले दोघे ठीक असतील तर हिरवा ‘ओके’ लिहिलेला फलक दाखवतात आणि मागे निदान ५० मीटरवर लाल त्रिकोण ठेवतात. वैद्यकीय मदत हवी असेल तर लाल ‘एसओएस’. तो दाखवला की मागून येणाऱ्या स्पर्धकाला थांबावंच लागतं. कोणताच फलक दिसला नाही तर परिस्थिती गंभीर समजून जवळच्या मार्शलला कळवावं. तो वायरलेसवरून पुढे सांगतो. मार्शलने बोलावलं तरच गाडीजवळ जावं. हेल्मेट काढायला जाऊ नये, मानेला इजा असेल तर ती वाढते. कुशीवर पडलेली गाडी, आत माणसं असताना, हौसेने सरळ करू नये. निळ्या त्रिकोणात लाल विजेची खूण असते तिथे वीज तोडायचा स्विच, आणि पांढऱ्या गोलात लाल ‘ई’ असतं तिथे आग विझवायचा खटका. या दोन खुणा ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं. नुसती रुतलेली गाडी ढकलायला सांगितली तर कडेने ढकलावी, फिरणाऱ्या चाकामागे आणि उताराच्या बाजूला उभं न राहता.

गावाशी वागणं हा भाग आयोजकांचा आहे असं समजून सोडून देऊ नये, कारण पुढच्या वर्षी रस्ता द्यायचा की नाही हे गाव ठरवतं. घड भरलेल्या बागेवर धुरळा बसला तर मालाची प्रत उतरते, हे बागाईतदाराचं खरं दुखणं आहे, त्याला वाद घालून उत्तर नसतं. बागेत शिरू नये, नुकती फवारणी झालेली असते आणि घडांना हात लावणं तर नकोच. कांद्याची रोपं लावलेल्या वाफ्यातून चालत गेलं तर ओळीच्या ओळी तुटतात. बांधावरूनच जावं. प्लास्टिकच्या पिशव्या परत न्याव्यात, गाई खातात. बंद रस्त्याच्या आतल्या एखाद्या वस्तीवर कोणाला कळा सुरू झाल्या किंवा साप चावला, तर घरच्यांनी गाडी काढून रस्त्यावर येऊ नये आणि रस्ता उघडण्याची वाटही बघत बसू नये. मार्शलला सांगावं. तो कळवतो, गाड्या सोडणं थांबतं आणि स्टेजच्या सुरुवातीला उभी असलेली रुग्णवाहिका आत येते. हे वस्तीवर आदल्या दिवशीच कोणीतरी समजावून सांगितलेलं असावं. नसेल तर पहाटे पोचल्यावर आपण सांगावं.

दोन फेऱ्यांच्या मधे वेळ उरला तर सर्व्हिस पार्कला, म्हणजे गाड्यांची दुरुस्ती होते त्या जागी, जावं. दोरीबाहेरून बघता येतं. ताडपत्रीवर गाडी उभी, घड्याळ लावलेलं, आणि ठरलेल्या मिनिटांत मेकॅनिक चारही चाकं, सस्पेन्शनचे बोल्ट, रेडिएटरमधला चिखल, ब्रेक असं सगळं उरकतात. उशीर झाला तर दर मिनिटाला १० सेकंदांचा दंड पडतो, म्हणून कोणी बोलत नाही. त्यांना त्या वेळात प्रश्न विचारू नयेत.

शेवटची स्पर्धक गाडी गेली की लोक लगेच रस्त्यावर उतरतात. थांबावं. सर्वांत मागून स्वीपर गाडी येते, बंद पडलेल्यांची नोंद घेत. तिच्यानंतरही ओढून नेणाऱ्या गाड्या फिरत असतात. मार्शलने रस्ता खुला झाल्याचं सांगितल्यावरच खाली यावं. आणि त्र्यंबक रोडला लागल्यावर, कानात अजून तो आवाज घुमत असताना, समोरच्याला ओव्हरटेक करायला उजव्या मनगटाला चळ सुटतो, तिथे ॲक्सिलरेटर सैल सोडावा. पुढे ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॉलीला बहुधा मागचा दिवा नसतो.